लवूअण्णांचा खरा उन्हाळा

हे कोणाला खरं वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याने लवूअण्णा भुवडांना कधी बोलताना ऐकलेलं नसणार. तरी सांगून टाकतो: भाईंदरच्या जेसल पार्कात राहणाऱ्या या माणसाने एक अख्खा उन्हाळा खोटं न बोलता काढला.

अण्णा म्हणजे साधंसुधं खोटं बोलणारे नव्हेत. उशीर झाला की ट्रॅफिकवर ढकलायचं, घरी बसून फोनवर 'बाहेर आहे' म्हणायचं, असल्या कामचलाऊ खोट्याला ते हात लावत नसत. त्यांचा माल वेगळा होता. हाटकेशला भांड्यांना पॉलिश करण्याच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं. जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबलं की कान बधिर झालेली माणसं डबे घेऊन त्यांच्याभोवती बसत, आणि अण्णा सुरू होत. "एकदा मी मिठागरात चप्पल विसरलो. महिन्याने गेलो तर छान मुरलेली! आमच्या मंदाने वरून फोडणी दिली. पेजेबरोबर काय लागली म्हणून सांगू!" नाहीतर, "भाईंदरच्या डासाने माझा चष्मा नेला. मी म्हटलं, बाबा, पेपर वाचायचाय, दे. तर म्हणतो कसा, थांबा, राशीभविष्य तेवढं राहिलंय."

रिटायर झाल्यावर हाच कारखाना त्यांनी सागरछाया सोसायटीच्या आवारात, सिमेंटच्या बाकड्यावर हलवला. संध्याकाळी पाचला अण्णा बसले की साडेपाचपर्यंत बाकड्यावर जागा मिळत नसे.

त्या बाकड्यासमोर, दक्षिणेच्या भिंतीला लागून, जमिनीची एक लांबट पट्टी आहे. दिवसभर तिथे ऊन, आणि ऊन कमी पडलं तर भिंतीची धग. खाली जुन्या मिठागराची खारट माती, वर बिल्डरने ओतून दिलेलं डबर. पाणी टँकरचं, तेही माणसांना पुरता पुरत नाही. तिथे काही येत नसे. पहिल्या मजल्यावरच्या वासंती प्रधानांनी मात्र ती पट्टी मनावर घेतली होती. विमा कंपनीत नोकरी करून रिटायर झालेल्या, जन्म गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर गेलेला. डालड्याच्या डब्यातली तुळस एवढीच त्यांची शेती. इथे आल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खरीखुरी जमीन दिसली, आणि त्यांनी गुलाब लावला. गुलाब गेला. जास्वंद गेली. मोगऱ्याने तर आठवडाही काढला नाही.

शेवटी उत्तनच्या रस्त्यावरच्या नर्सरीवाल्याने त्यांना गवत दिलं. "मॅडम, इसको धूप चाहिए, पानी नहीं. मारना चाहो तो भी मुश्किल है."

एक फाउंटन ग्रास, कोल्ह्याच्या शेपटीसारखे तुरे येणारं. एक तांबूस पातीचं. आणि आपला वाळा. अण्णांनी बाकड्यावरून उठून स्वतः कुदळ मारली. डबर काढू दिलं नाही. "राहू दे ताई, पाणी खाली पळायला वाट लागते." शेणखताची गोणी आणली तर ती परत पाठवायला लावली. "गवताचे लाड केले की ते लोळतं. उपाशी ठेवा, ताठ उभं राहील." दोन बुंध्यांत हातभर अंतर ठेवायला लावलं. पहिला पावसाळा मुळं धरायला दिला, आणि त्यानंतर आठवड्याला एक बादली, बस्स.

त्या वर्षी अश्विनात पट्टीवर तुरे आले. संध्याकाळचं ऊन भिंतीवरून खाली उतरताना त्या तुऱ्यांत अडकायचं आणि अर्धा तास तिथेच राहायचं. माणसं मोबाईल काढून उभी राहत. सोसायटीचे सेक्रेटरी उत्तम पाटणकर यांनी 'आपल्या कमिटीचा उपक्रम' म्हणून ग्रुपवर फोटोही टाकला. वासंतीताई मात्र फोटो काढायच्या नाहीत. बाकड्याच्या टोकाला बसून बघत राहायच्या, मूल झोपलेलं बघावं तसं.

आणि मग माघात गवत वाळायला लागलं. फाल्गुनात तर पुरता पेंढा झाला.

होळीच्या दुपारी दुसऱ्या मजल्यावरचा नीलेश कोयता घेऊन आला, मागे चार पोरं. नीलेश मूळचा म्हसळ्याचा, इथे एसी दुरुस्तीचं काम करतो. आता कोकणातल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही: होळीसाठी कोणाच्या दारातलं लाकूड, गवत, मोडकी खुर्ची उचलली तर मालकाने तक्रार करायची नसते. केलीच तर पोरं त्याच्या नावाने बोंब मारतात आणि वर्षभर तो चिडवला जातो. नीलेशने कोपऱ्यातल्या बुंध्याला हात घातला.

"नीलेश, नको," अण्णा बाकड्यावरून ओरडले. "जिवंत आहे ते."

"कोण जिवंत?"

"गवत. झोपलंय. वरून वाळतं, खाली जीव असतो."

"मग घोरत कसं नाही हो अण्णा?"

पोरं फुटली. एक जण बुंध्याला कान लावून घोरून दाखवायला लागला. अण्णांनी दोनदा, तीनदा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. जितकं सांगावं तितकं हसू वाढत गेलं. "अण्णा, चपलेचं लोणचं पण जिवंत होतं ना?" नीलेशने दोन घाव घातले, उरलेलं ओढून काढलं, आणि कोपऱ्यात जमिनीलगत एक उखडलेला, फाटका खुंट तेवढा राहिला.

वासंतीताई तेव्हाच खाली आल्या. पोरांना त्या काही बोलल्या नाहीत, सण होता. पोरं गेल्यावर अण्णांकडे बघून म्हणाल्या, "खरंच जिवंत होतं?"

"ताई, तुमची शप्पथ."

"मग बघा ना अण्णा. तुमच्याकडे खरं होतं, आणि ते चाललं नाही."

त्या एवढंच बोलल्या. पण अण्णांना ते असं लागलं की होळीच्या पुरणपोळीवर त्यांनी तूपही मागितलं नाही.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. उत्तमरावांनी विषय मांडला. पट्टीवरचं वाळकं गवत काढायचं, पेव्हर ब्लॉक बसवायचे, टू-व्हीलर पार्किंग करायचं. ठेकेदार ओळखीचा होता, आणि ब्लॉकचा पहिला ढीग आवाराच्या कोपऱ्यात, त्या फाटक्या खुंटाच्या अगदी पुढ्यातच, येऊन पडलाही होता.

वासंतीताई उभ्या राहिल्या. "गवत मेलेलं नाही."

"कोण म्हणतं?"

"लवूअण्णा."

अख्खी मीटिंग हसली. उत्तमरावांना डोळ्यांतून पाणी पुसावं लागलं. अण्णा उठले. त्यांचे हात थरथरत होते, आणि हे कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"आमच्या गावाला डोंगरभर गवत असतं," ते म्हणाले. "छपराला कापायचं, गुरांना कापायचं. कापलं की परत येतं. कापायलाच हवं. बुंध्यापासून वीतभर ठेवून वरचं सगळं उडवायचं. जुनं डोक्यावर राहिलं तर नवं गुदमरतं. कापा, महिन्या-दोन महिन्यांत पालवी दिसेल. नाही दिसली तर मी स्वतः ब्लॉक बसवायला मातीची पाटी उचलतो."

"पाऊस पडायच्या आधी काम व्हायला हवं," उत्तमराव म्हणाले. "पावसाआधी येईल?"

अण्णा क्षणभर थांबले. "येईल."

उत्तमराव माणूस वाईट नव्हता, पण मिस्कील होता. टेबलावर पेन आपटत म्हणाला, "ठीक आहे. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत मुदत. अण्णांच्या शब्दावर. पण एक अट. तोपर्यंत अण्णांच्या तोंडून एक जरी थाप ऐकली, तर त्यांचा हाही शब्द थापच समजायचा आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी बोलवायचा. मंजूर?"

टाळ्या पडल्या. वासंतीताईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान डोलावली. असा तो उन्हाळा सुरू झाला.

पहिल्याच दिवशी घरात ठिणगी पडली. मंदाकाकूंनी विचारलं, "आमटी कशी झालीय?" लग्नाला इतकी वर्षं झाली, अण्णा रोज म्हणत की अशी आमटी इंद्राच्या पंगतीला नाही. त्या दिवशी त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "खारट."

मंदाकाकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, त्या गवतापायी माझा संसार मोडताय. जेवताना तरी थोडं खोटं बोला, कोण ऐकतंय?"

"एकदा बोललो की सुटेल गं," अण्णा म्हणाले. "मला माझा भरवसा नाही."

संध्याकाळी बाकड्यावर माणसं आली. सवयीने. उत्तमराव मुद्दाम शेजारी टेकले. "काय अण्णा, डास काय म्हणतोय आज?"

"चावतोय."

"एवढंच?"

"एवढंच."

आठवडाभर माणसं वाट बघत बसली, की आता अण्णांचा तोल जाईल. नीलेश खडा टाकायचा: "अण्णा, गावाला तुमच्याकडे फणस केवढा होतो हो?" अण्णा ओठ आवळून हात पसरून दाखवत, बरोबर फणसाएवढा. मग माणसं कमी होत गेली. एप्रिलच्या मध्याला बाकड्यावर अण्णा एकटे असायचे. समोर वाळकी पट्टी, तिच्यावर धूळ, कोपऱ्यात ब्लॉकचा ढीग. टँकरवाला तिथेच पाइप जोडायचा, त्याचा जोड ठिबकत राहायचा, आणि त्या ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघण्याशिवाय अण्णांना दुसरा उद्योग नसायचा.

खोटं बोलता येत नसलं की माणसाला बघत बसावं लागतं. अण्णांना याची सवय नव्हती. आजवर त्यांनी एखादी गोष्ट पाहिली की डोळ्यांपर्यंत पोचायच्या आतच ती मोठी व्हायला लागायची. चिमणी दिसली की तिचं बदक व्हायचं. आता चिमणी चिमणीच राहायची. वाळक्या तुऱ्यांतलं बी ती एकेक करून काढून खायची, आणि चोचीतून भुसा उडवायची. मुंग्या बी ओढत भिंतीच्या फटीत न्यायच्या. गवताची पात दुपारी आतल्या बाजूने सुरळीसारखी वळायची, जशी बाई उन्हात पदर ओढून घेते. हे सगळं खरं होतं, आणि सांगण्यासारखं होतं, पण ऐकायला कोणी नव्हतं. लोकांना खरं नको असतं असं नाही. ते कुणाच्या तोंडून आलंय हे आधी बघतात. अण्णांचं तोंड त्यांनी स्वतःच खर्च करून टाकलं होतं.

कधीकधी त्यांना हसू यायचं. मी बोलायचा थांबलो, आणि हे गवत माझ्या समोर बसून उन्हाळाभर मेल्याचं सोंग करतंय. याला कोणी अट घातली नाही.

पण हसू टिकायचं नाही, कारण एक गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. मीटिंगमध्ये उत्तमरावांनी विचारलं होतं, पावसाआधी येईल? आणि ते म्हणाले होते, येईल. गावाला डोंगरावरचं गवत ते दिवाळीनंतर कापत. परत येई हे खरं. पण कधी? मृगाच्या सरी पडल्यावर. पावसाआधी हिरवा झालेला डोंगर अण्णांनी जन्मात पाहिलेला नव्हता. मग ते 'येईल' काय होतं? खोटं नव्हतं, त्यांना तसं मनापासून वाटत होतं. पण पाहिलेलंही नव्हतं. अण्णांना आजवर वाटायचं की खरं आणि खोटं ही दोन वेगवेगळी भांडी आहेत. आता कळत होतं की मधे एक मोठा डबा आहे, आणि माणसं बहुतेक करून त्यातूनच वाढतात.

आणखी एक सल होती. गवत अजून कापलंच गेलं नव्हतं.

मीटिंग झाल्याबरोबर अण्णा विळा घेऊन तयार होते. वासंतीताईच म्हणाल्या, "उद्या कापू." मग म्हणाल्या, पाडवा होऊ दे. मग मुलीकडे ठाण्याला गेल्या. आल्या तेव्हा म्हणाल्या, "अण्णा, निदान उभं तरी आहे. कापलं आणि आलंच नाही तर हेही जाईल."

"ताई, कापल्याशिवाय येणार नाही."

"हो, तुम्ही म्हणालात." त्यांनी मान वळवली. अण्णांना तेव्हा समजलं. मीटिंगमध्ये त्यांचं नाव घेणाऱ्या या बाईलाही त्यांचं म्हणणं पुरतं पटलेलं नव्हतं. ते चिडले नाहीत. चिडायला तोंड कुठे होतं? चपलेचं लोणचं याच बाईंना त्यांनी तीन वेळा वाढलं होतं, आणि दर वेळी फोडणी वेगळी होती.

अक्षय तृतीया झाल्यावर ताई एकदाच्या म्हणाल्या, "कापा." अण्णांनी एका सकाळी सगळे बुंधे वीतभर ठेवून कापले. पट्टी अशी दिसायला लागली की न्हाव्याने अर्ध्यातच गिऱ्हाईक सोडून पळ काढलाय. रोज संध्याकाळी ताई तांदूळ धुतलेलं पाणी आणून बुंध्यांत थोडंथोडं सोडायच्या. रोज सकाळी अण्णा गुडघे टेकून बघायचे. पिवळं. पुन्हा पिवळं. कोपऱ्यातल्या होळीच्या खुंटाकडे कोणी बघतही नव्हतं. तो तर उपटलेलाच होता, त्यात पुढे ब्लॉकचा ढीग आडवा.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी वासंतीताई बाकड्यावर आल्या. बरोबर एक पिशवी होती. त्यात कुदळ, खुरपी, हातमोजे, सगळं घासूनपुसून ठेवलेलं.

"हे तुमच्याकडे असू द्या, अण्णा. गावाला न्या. मला आता लागणार नाही."

"उद्या आहे अजून."

"हो. उद्या आहे." त्यांनी पिशवी बाकड्यावर ठेवली. "एक सांगू? चाळीत होते तेव्हा मला वाटायचं, आपली जमीन असली की बास. काहीही लावू. मग कळलं, लावणं सोपं असतं, ते उगवेपर्यंत भरवसा ठेवणं जमत नाही. तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात तेव्हाच कापायला हवं होतं. मी उशीर केला. तुमचा दोष नाही."

अण्णांच्या जिभेवर अख्खी एक गोष्ट येऊन उभी राहिली. की गावाला असंच एक गवत होतं, ते सात वर्षांनी उगवलं, आणि एका रात्रीत कौलापर्यंत गेलं. ताई हसल्या असत्या. अण्णांनी ती गिळली.

ताई वर गेल्या. अण्णा उठले आणि थेट केबिन रोडला गेले. भाजीवाल्याकडे गवती चहाच्या जुड्या होत्या, हिरव्यागार, पाणी मारलेल्या.

"दो जुडी दे. नहीं, सब दे दे."

"काका, इतनी चाय कौन पिएगा?"

अण्णांनी त्याला काही उत्तर दिलं नाही. म्हणजे तिथेही खोटं बोलले नाहीत, हे लक्षात असू द्या.

रविवारी उजाडायच्या सुमाराला, वॉचमन तोंड धुवायला गेला तेव्हा, अण्णा पट्टीत उतरले. गवती चहाच्या पाती बोटभर लांबीच्या कापून आणल्या होत्या. एकेका बुंध्यात पाच-सहा, वाकड्यातिकड्या, जशा आपसूक येतात तशा. सरळ ओळीत लावल्या तर कळेल, एवढी अक्कल जन्माच्या अनुभवाने दिलेली होती. काम करताना त्यांचा हात अजिबात थरथरला नाही. मीटिंगमध्ये खरं सांगताना थरथरला होता, आणि आता कसा स्थिर होता. हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि क्षणभर ते पाती हातात घेऊन तसेच उकिडवे बसून राहिले. मग उरलेल्या लावल्या आणि घरी जाऊन अंघोळ केली.

दहाच्या सुमाराला सगळे जमले. उत्तमराव, नीलेश, त्याची पोरं, मंदाकाकू, आणखी पाच-सात जण. ठेकेदाराचा माणूस टेम्पो घेऊन गेटाबाहेर उभा. वासंतीताई सगळ्यांत शेवटी आल्या, नजर खाली घालून.

"अरे!" नीलेश ओरडला. "आलंय! आयला, खरंच आलंय!"

गर्दी पुढे सरकली. हिरव्या पाती सगळ्या बुंध्यांतून डोकावत होत्या. कोणी टाळी वाजवली. मंदाकाकूंनी तोंडावर पदर धरला. अण्णा बाकड्याशी उभे होते, चेहरा शहाण्यासारखा. पण दहाचं ऊन पट्टीवर आलेलं होतं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की गवती चहाची टोकं खाली कलायला लागली आहेत. मुळं असलेलं गवत उन्हाला भीक घालत नाही. कापलेलं तासाभरात मान टाकतं.

उत्तमराव खाली वाकले. एक पात दोन बोटांत धरली. उठले नाहीत. अण्णांच्या पाठीवरून घामाचा एक ओघळ सावकाश उतरला.

"उत्तमराव," कोपऱ्यातून आवाज आला. "अण्णा. इकडे या."

वासंतीताई ब्लॉकच्या ढिगामागे गुडघ्यांवर बसल्या होत्या. हिरव्या पाती बघायला सगळे एकीकडे धावले तेव्हा त्या कुठे जावं न कळून दुसरीकडे सरकल्या होत्या, आणि तिथे त्यांना तो दिसला. होळीला नीलेशने फाडलेला, कोणीच न मोजलेला खुंट. त्याच्या मधोमध मूठभर हिरवं. बारीक, टोकदार, प्रत्येक पात तळाशी जुन्या वाळक्या धांड्यातून फुटलेली. शिमग्याला कापलं गेलेलं, आणि टँकरच्या पाइपाचं ठिबकणारं पाणी मिळालेलं. ताईंनी एक पात हलकेच ओढून पाहिली. ती हलली नाही.

"हे खरंच आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला. "अण्णा, तुम्ही सांगितलं होतं तसंच. कापलं ते आलं. बाकीचं माझ्यामुळे मागे राहिलं."

अण्णा खाली बसले. त्यांनी ते हिरवं पाहिलं. आयुष्यात प्रथमच त्यांनी पावसाआधी उगवलेलं गवत पाहिलं, आणि त्यात वाढवण्यासारखं काहीही नव्हतं. हा खुंट रोज त्यांच्यापासून चार पावलांवर होता. रोज ते त्या ठिबकणाऱ्या पाइपाकडे बघत बसले होते, आणि पाणी कुठे पडतंय ते मात्र पाहिलं नव्हतं. एक सकाळ, फक्त एक सकाळ आणखी ते खरे राहिले असते, तर पुरलं असतं.

नीलेश कान खाजवत होता. "म्हणजे होळीचं पुण्य म्हणायचं का हो ताई?"

"पुढच्या वर्षी तूच काप सगळं," वासंतीताई म्हणाल्या, "पण मुळाला हात लावलास तर बघ." त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

उत्तमराव ढिगाला वळसा घालून आले. खुंट पाहिला, चांगला वाकून पाहिला. मग गेटाकडे तोंड करून ओरडले, "टेम्पो जाऊ दे रे! ब्लॉक पण उचला. पट्टी राहतेय." आणि अण्णांना म्हणाले, "उगवलं. तुमची मुदत पण संपली आणि अट पण संपली. सुटलात."

सगळे अण्णांकडे बघायला लागले. तीच माणसं, जी एप्रिलमध्ये एकेक करून बाकड्यावरून उठून गेली होती, आता अर्धवर्तुळ करून उभी राहिली, जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातली जमायची तशी. मंदाकाकूसुद्धा पुढे सरकल्या. अण्णांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि अख्ख्या उन्हाळ्याचं साचलेलं एकदम वर आलं.

"मी काय म्हणालो होतो?" ते सुरू झाले. "हा कोपरा म्हणजे काहीच नाही. त्या बाकीच्या बुंध्यांचं ऐका. काल संध्याकाळी सगळे पिवळे, तुम्ही पाहिलेत. पहाटे मला जाग आली ती आवाजाने. किर्र, किर्र, किर्र. म्हटलं, कोण सुतार आलाय एवढ्या पहाटे? खाली येऊन जमिनीला कान लावला, तर पात वर येत होती! माझ्या डोळ्यांदेखत! एक तर एवढ्या जोरात आली की माझा चष्मा..."

"अण्णा," उत्तमराव म्हणाले.

त्यांनी खिशातून मघाची पात काढली. तिला मूळ नव्हतं. टोक सुरीने कापलेलं होतं, स्वच्छ. त्यांनी ती दोन बोटांत चुरगळली, नाकाशी नेली, एक लांब श्वास घेतला, आणि मग वासंतीताईंच्या नाकासमोर धरली, नीलेशच्या धरली, आणि शेवटी मंदाकाकूंच्या.

"काकू, सगळ्यांना चहा टाका," ते म्हणाले. "आलं नको. गवती चहा अण्णांनी इथे पेरून ठेवलाय."